लाइट रेलचं जादा कापलेलं भाडं परत मिळवताना

उतरले त्या थांब्यावरचं टॅप करायचं, म्हणजे चढता-उतरताना बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवायचं, यंत्र बंद होतं. लाइट रेलच्या, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या रेल्वेच्या, बहुतेक थांब्यांवर मेट्रोसारखी फाटकं नसतात, त्यामुळे अडवायलाही कोणी नव्हतं. उतरल्याची नोंद न झाल्याने प्रवास ‘अपूर्ण’ ठरला आणि त्या मार्गाचं सर्वांत जास्त भाडं कापलं गेलं. रिफंडचा ऑनलाइन अर्ज चटकन भरून झाला. मनस्ताप सुरू झाला तो त्यानंतर.

उत्तर आलं: ‘या कार्डावर असा प्रवास आढळत नाही.’

पैसे कापले, पण प्रवास झालाच नाही! बँकेचं स्टेटमेंट पाठवलं. पुन्हा तेच उत्तर. फोन केला तर बाई म्हणाल्या, “तारीख जुळत नाहीये.” तारीख जुळणार कशी? बँकेचं कार्ड थेट टॅप करायच्या पद्धतीत सहसा दिवसभराचे सगळे प्रवास एकत्र करून रक्कम मागाहून बँकेकडे जाते. स्टेटमेंटवर पैसे कापल्याची तारीख येते, प्रवासाची नव्हे. हे त्यांनी मला सांगायचं की मी त्यांना? पुढच्या खेपेला दुसरेच गृहस्थ फोनवर. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, कार्डाचे शेवटचे चार आकडे नीट बघून सांगा.” मी कार्ड समोर धरून वाचले. “नाही, या नंबरचं काहीच नाही.” कार्ड माझं, पैसे माझे, आणि सूर असा की मी कुठून तरी फुकटच आले असावे.

शेवटी खिडकीवर जाऊन बसले. तिथल्या एका तरुण मुलाने एकच प्रश्न विचारला: “टॅप कार्डाने केलंत की फोनने?” फोनने. इथेच तर सगळी गाठ होती. फोनमध्ये कार्ड भरलं की व्यवहारासाठी त्याला वेगळाच नंबर मिळतो. काही फोनांत त्याला डिव्हाइस अकाउंट नंबर म्हणतात, काहींत व्हर्च्युअल अकाउंट नंबर. यंत्राला तोच दिसतो, हातातल्या कार्डावरचा नाही. फोनमधलं वॉलेट, म्हणजे कार्डं ठेवायचं ॲप, उघडून, कार्डाच्या तपशिलात जाऊन त्याचे शेवटचे चार आकडे मी वाचून दाखवले आणि त्या मुलाला माझा प्रवास लगेच सापडला. अर्जात मात्र नुसतं ‘कार्डाचे शेवटचे चार आकडे’ एवढंच छापलेलं. एक ओळ वाढवली असती तर किती जणांचे हेलपाटे वाचले असते!

म्हणूनच चढताना फोन आणि उतरताना कार्ड असं कधीही करू नका. बँकेला ते एकच खातं असतं, पण यंत्राला दोन वेगळी माणसं दिसतात. मग एकाऐवजी दोन प्रवास अपूर्ण, भुर्दंडही दुप्पट. घड्याळाने टॅप करत असाल तर त्याचाही नंबर निराळा.

खिडकीसमोरच प्रवासीसंख्या वाढल्याचा फलक लावलेला होता. तो वाचून जास्तच चिडले. पुष्कळ ठिकाणी गाडीच्या दारांवर सेन्सर असतात आणि चढणारी-उतरणारी माणसं ते मोजतात; सगळ्या गाड्यांना नसले तर काहींवरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. मोजतात ते चढणं, त्यामुळे वाटेत गाडी बदलणारा दोनदा धरला जातो. थोडक्यात, मोजायला मी होते, शोधायला नव्हते! कुठे चढले हे टॅपवरून कळतं, पण बंद यंत्रामुळे कुठे उतरले याची नोंदच राहत नाही. असे प्रवास साचत गेले तर कुठल्या दोन थांब्यांमध्ये गर्दी आहे हे ठरवायचं कशावरून? लक्झेंबर्गमध्ये 2020 पासून ट्रामसकट जवळपास सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट आहे, मेलबर्नच्या ट्राममध्ये उतरताना सहसा टॅप करावंच लागत नाही. तिथल्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटतो.

पैसे मिळाले. व्याज मागायची फार इच्छा होती, आवरली.

सांगायचं राहिलं: यंत्र बंद दिसलं तर त्याच फलाटावर दुसरं आहे का बघा. नसेल तर त्याच्या नंबरासकट फोटो काढा. मी काढला होता, म्हणून ‘यंत्र चालूच होतं’ हा वाद निघाला नाही. आणि रिफंड अडकलेला असताना फोन बदलू नका, कारण नव्या फोनमध्ये तो नंबरही नवा येतो. बदलायचाच असेल तर जुन्या नंबराचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.