फोटोवरून नाव का सांगत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शेतकऱ्यांकडून फोनवर येणाऱ्या किडींच्या प्रत्येक तिसऱ्या फोटोखाली हाच प्रश्न असतो: "मॅडम, इतकी वर्षं पिकांवरच्या ढेकणांवर काम करता, मग एवढा स्पष्ट फोटो बघून नाव का सांगत नाही?" काही जणांना तो माझा अहंकार वाटतो. एकदाच सविस्तर सांगते.

मिरीड हे मुख्यतः झाडापिकांवर राहणाऱ्या लहान ढेकणांचं कुळ (अंथरुणातले ढेकूण ते वेगळे). या कुळात अकरा हजारांहून अधिक प्रजातींची नोंद आहे. फोटोवरून कुळ बऱ्याचदा कळतं. पुढच्या पंखाच्या कडेला, टोकाच्या पातळ भागाआधी, वेगळा दिसणारा त्रिकोणी तुकडा आणि चार खंडांच्या मिशा दिसल्या की मी मिरीड म्हणते. काजूवरच्या ढेकण्याच्या बाबतीत तर आणखी एक पायरी पुढे जाता येतं. त्याच्या पाठीवर टाचणी रोवल्यासारखा उभा काटा असतो आणि काट्याच्या टोकाला गोळी. काटा दिसला की हेलोपेल्टिस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा एक गट. फोटो मला इथवरच आणतो.

पुढे? या गटातल्या अँटोनी या प्रजातीला नाव कीटकशास्त्रज्ञ सिन्योरे यांनी १८५८ मध्ये दिलं, थीव्होरा आणि ब्रॅडी यांना वॉटरहाउस यांनी १८८६ मध्ये. तिन्ही आपल्याकडे आढळतात. "लाल छातीचा तो अमुक, काळ्या छातीचा तो तमुक" असं मीही एके काळी सांगत असे. पण अँटोनीतच मादीची छाती तांबूस आणि नराची काळपट असू शकते. एका फांदीवरच्या जोडप्याला मी दोन प्रजाती ठरवलं होतं. शिवाय नुकती कात टाकलेला कीटक फिकट दिसतो आणि स्पिरिटमध्ये ठेवलेला हिरवा पिवळट पडतो. रंगावर भिस्त ठेवायची ती किती?

म्हणून मी नर मागते. त्याच्या पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या कोमट द्रावणात ठेवलं की मांसल भाग विरघळून जातो. मग ग्लिसरीनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली, मिलनाच्या वेळी उपयोगी पडणारे दोन आकड्यांसारखे अवयव दिसतात. डावा मोठा, विळ्यासारखा. उजवा लहान. दोन्ही एकसारखे नसतात. त्यांची वळणं आणि आतल्या भागांची घडण यांवरून प्रजाती ठरते. मिशांच्या खंडांची लांबी आणि सोंड कुठल्या पायापर्यंत पोचते हेही मोजावं लागतं. हे कीटक इतके नाजूक की पुडीतून पाठवले तर पाय आणि मिशा गळूनच पोचतात. मग मोजायचं काय?

पण हे सगळं सांगूनही मी खरं कारण टाळतेय.

काही वर्षांपूर्वी एका भातशेतकऱ्याने फोटो पाठवला. भाताच्या बुंध्यावर जेमतेम तीन मिलिमीटरचे हिरवे ढेकूण. खाली लिहिलं होतं, "ताई, खूप झालेत. फवारू का?" फोटो धूसर होता. सोंड मात्र दिसत होती, पानाच्या आवरणात टोचलेली. मी लगेच उत्तर दिलं: "मिरीड आहे. रस शोषतो. फवारा." उत्तर द्यायला एक मिनिटही लागलं नसेल. चटकन नाव सांगता आलं याचा आनंद झाला होता, तोही आठवतो.

आठवड्याभराने त्यांनी फवारणीआधी बाटलीत धरून ठेवलेले पाच-सहा ढेकूण पाठवले, सहज, मला अभ्यासाला म्हणून. भिंगाखाली धरले. हिरवं अंग, डोक्यावर आणि छातीवर काळा रंग. सिर्टोऱ्हायनस लिव्हिडिपेनिस. भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्याची, म्हणजे खऱ्या किडीची, अंडी खाणारा. तुडतुडे अंडी घालतात ती पानाच्या आवरणाच्या आत, त्यामुळे हा सोंड खुपसतो तीही तिथेच. मला रस शोषणं वाटलं ते अंडी शोधणं होतं. संख्या वाढली होती, कारण खायला भरपूर होतं.

मी फोन केला. ते म्हणाले, "ताई, आता तुडतुडेच तुडतुडे झालेत. मधेमधे गोल करपलंय." मी म्हणाले, "चूक माझी आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार, फोटोच तसा होता."

तो दिलासा मला आजही घेता येत नाही. तुडतुडे कदाचित तसेही वाढले असते, हे खरं आहे. रात्री झोप येत नाही तेव्हा मी हाच मुद्दा स्वतःपुढे मांडते. पण माझं "मिरीड" बरोबर होतं आणि सल्ला चुकीचा, हेही तितकंच खरं आहे. या कुळात रस शोषणारे आहेत तसे शिकारीही आहेत. मला ते पाठ होतं. त्या मिनिटात मी विचारलं नाही, इतकंच.

तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, "नर पाठवा, दहा दिवस थांबा, हे उभ्या पिकात कोणाला परवडतं? शेतकऱ्याला वर्गीकरण नको, उत्तर हवंय." तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

सध्या फोटो आला की नावाआधी विचारते: शेजारी तुडतुडे आहेत का, पानावर चट्टे पडलेत का, दोन-चार किडे बाटलीत धरता येतील का. परवा एकाने वैतागून लिहिलं, "मॅडम, औषध आणून ठेवलंय, आज वारा नाही. हो की नाही तेवढं सांगा." फोटोत हिरवा ढेकूण होता, पाठमोरा. मी "थांबा" असं लिहिलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.