तुम्ही विचारलंत म्हणून: विषारी शेवाळ खाणारे मरत कसे नाहीत?

माशांना खायला म्हणून मी गच्चीवर डॅफ्निया वाढवतो. टाकीत डोकावणारे बहुतेकजण हेच विचारतात. तलावावर निळं-हिरवं शेवाळ माजलं की ते पाणी पिऊन गुरंसुद्धा दगावतात, मग दिवसभर तेच गाळून खाणारा हा इवलासा जीव टिकतो कसा?

खरं सांगायचं तर पुष्कळ मरतात. डॅफ्निया कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, पण खाण्यात चोखंदळ नाही. पाय हलवून पाणी आत ओढायचं आणि पायांवरच्या केसांच्या जाळीत येईल ते तोंडाकडे ढकलायचं, एवढंच त्याला ठाऊक. सूक्ष्मदर्शकाखाली तो आरपार दिसतो, आतलं हिरवं आतडं आणि फडफडणारं हृदयसुद्धा. शेवाळाचा तंतू जाळीत अडकला की शेपटाकडची नखी पुढे आणून तो गोळा झालेला घास बाहेर उपसतो. त्यात चांगलं अन्नही वाया जातं. म्हणजे विषाआधी उपासमार.

त्याचे भाऊबंद कोपेपॉड जास्त शहाणे. एकेक पेशी पकडून चाचपतात, नको ती सोडून देतात. पण समुद्रातलं अलेक्झांड्रियम शेवाळही काही कमी नाही. कोपेपॉडच्या अंगातून पाण्यात उतरणारी रसायनं ओळखून ते आपलं विष वाढवतं!

पण कोणी निवांत बसलं तर मी जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या कॉन्स्टन्स सरोवराची गोष्ट सांगतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांडपाण्यातल्या फॉस्फरसमुळे तिथे निळं-हिरवं शेवाळ वाढलं. दिवस वाईट आले की डॅफ्निया कडक कवचातली अंडी घालतो. ती तळाच्या गाळात थरावर थर साचतात आणि कित्येक दशकं जिवंत राहतात. जीवशास्त्रज्ञ नेल्सन हेअरस्टन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या थरांतली अंडी काढून उबवली आणि पिल्लांना मायक्रोसिस्टिस हे विषारी निळं-हिरवं शेवाळ मिसळलेलं खाणं दिलं. शेवाळ माजण्याआधीच्या, 1960 च्या दशकातल्या अंड्यांच्या पिल्लांची वाढ चांगलीच खुंटली. नंतरच्या थरांतली त्यामानाने तग धरून राहिली. हे 1999 साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. सवय होणं वेगळं. इथे न झेपणारे मागे पडले, झेपणाऱ्यांची प्रजा वाढली, तीही दोन-तीन दशकांत. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं शाळेत शिकलेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न असा, की मग गावतळ्यात डॅफ्निया सोडून शेवाळ साफ करता येईल का? नाही. मायक्रोसिस्टिसचे मोठे गठ्ठे त्यांच्या तोंडात मावतच नाहीत, आणि तळ्यात मासे असले तर ते आधी डॅफ्नियाच फस्त करतात. कॉन्स्टन्स सुधारलं ते सांडपाण्यातला फॉस्फरस काढून टाकल्यावर. तळ्याला येऊन मिळणारी गटारं तशीच वाहत असताना माझ्याकडे डॅफ्निया मागू नका.