‘मिटवून टाक एकदाचं’

रात्री साडेअकराला सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिकडे सकाळचे नऊ. आवाज बसलेला. रात्रभर रडली असणार. “ताई, वकील म्हणतोय तर करू दे ना त्याला कबूल. मिटवून टाक एकदाचं.”

भाचा इथे न्यू जर्सीत एमएस करतोय. एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटला त्याने बाकी सामान स्कॅन केलं, पण बदामाची पिशवी आणि दाढीच्या ब्लेडचं पाकीट तसंच पिशवीत टाकलं. सगळे मिळून शेहेचाळीस डॉलर. चुकून नाही, जाणूनबुजून केलं. माझ्यासमोर मान खाली घालून त्याने ते सांगितलं, म्हणून मीही इथे लपवत नाही. पोलीस आले, बोटांचे ठसे घेतले, म्युनिसिपल कोर्टाची तारीख हातात दिली.

वकिलाने सुचवलेला मार्ग ऐकायला फारच बरा होता. त्याचं नाव ‘कंडिशनल डिसमिसल’. आज गिल्टी म्हणायचं, वर्षभर देखरेखीखाली नीट वागायचं, मग केस रद्द. इथे जन्मलेल्या मुलासाठी खरोखरच चांगली सोय आहे ती. पण भाचा एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आहे, हे त्या वकिलाने विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी इमिग्रेशनच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कोऱ्या कागदावर दोन रेघा ओढल्या. एकीवर लिहिलं ‘राज्य’, दुसरीवर ‘केंद्र’. म्हणाल्या, वर्षभराने राज्याच्या रेघेवरची केस पुसली जाईल, केंद्राच्या रेघेवरची नाही. १९९६ च्या कायद्याने व्याख्याच तशी केली आहे: आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने कसलीही शिक्षा किंवा बंधन घातलं, की इमिग्रेशनपुरती ती दोषसिद्धीच. नंतर राज्याने डिसमिस केलं तरीही. आणि दुकानातली चोरी नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यांत धरतात, ज्यांवरून व्हिसा नाकारला जाऊ शकतो किंवा हद्दपारीही होऊ शकते. त्याच्यासारख्या एका किरकोळ गुन्ह्याला सवलत आहे, पण ती एकदाच. एवढ्या लहान वयात ती वापरून टाकायची का, असं त्यांनी भाच्याला विचारलं. तो काही बोलला नाही.

ग्रीन कार्ड असलं म्हणजे निर्धास्त, असं आपल्या मंडळातही बरेच जण समजतात. तसं नाही. चोरीला एक वर्षाची शिक्षा लागली आणि ती पूर्ण स्थगित ठेवली, तुरुंगाचं तोंडही पाहिलं नाही, तरी तो ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे इमिग्रेशनच्या लेखी गंभीर गुन्हा ठरतो आणि हद्दपारीपासून बचावाचे बहुतेक रस्ते बंद होतात. तीनशे चौसष्ट दिवस आणि तीनशे पासष्ट दिवस यांत एका माणसाचं अख्खं घर बसलेलं असतं. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा मुद्दाम एक दिवसाने कमी केली, ती याचसाठी.

त्या आठवड्यात मी रात्री जागून निकाल वाचत होते. होंडुरासमध्ये जन्मलेले होजे पडिया चाळीस वर्षांहून जास्त काळ इथे कायदेशीर राहिलेले, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यात असलेले. ट्रकमध्ये गांजा सापडला. इतकी वर्षं इथे आहात, काळजी नको, असं वकिलाने सांगितलं आणि त्यांनी गुन्हा कबूल केला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कबुलीने हद्दपारीचा धोका आहे हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे. दुसऱ्यांचं नाव ‘जे ली’. तेराव्या वर्षी कोरियातून आलेले, मेम्फिसमध्ये रेस्टॉरंट चालवणारे. कबुलीच्या वेळी न्यायाधीशाने हद्दपारी होऊ शकते म्हटल्यावर ते थबकले, वकिलाकडे वळले. वकील म्हणाला, ही नेहमीची सूचना आहे. ते पुढे गेले. त्यांना २०१७ मध्ये न्याय मिळाला, पण तोवर किती वर्षं गेली! ते वळून पाहणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आपणही असेच वकिलाच्या तोंडाकडे बघत असतो.

आमच्या वकिलाने चूक मान्य केली, याचं मला बरं वाटलं. दोन्ही वकील फोनवर बोलले, सरकारी वकिलाशी बोलणी झाली. तिसऱ्या तारखेला चोरीचा आरोप बदलून गावाच्या शांतताभंगाच्या नियमाखाली आला. दंड भरला. भाचा न्यायाधीशासमोर उभा होता तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. फेब्रुवारी महिना, बाहेर बर्फ.

रात्री बहिणीने विचारलं, “मिटलं ना, ताई?”

“कोर्टातलं मिटलं,” मी म्हटलं. अटक कधी झाली होती का, हा प्रश्न व्हिसाच्या फॉर्मवर दर वेळी येणार आणि त्याला दर वेळी ‘हो’ लिहावं लागणार. निकालाच्या शिक्का मारलेल्या तीन प्रती मी कोर्टातून काढून घेतल्या. एक त्याच्याकडे, एक वकीलबाईंकडे, एक माझ्या कपाटात. पुढे कधी मुंबईला व्हिसाच्या स्टॅम्पिंगला जाईल, तेव्हा पासपोर्टसोबत ती न्यायची, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.