नागपूर ते काटोल: पांदणीत थ्रॉटल अडकली, केबलचं काम स्वतः करून निघा

ऑगस्टमधे एटीव्ही (जाड टायरची, चिखला-मातीत चालवायची चारचाकी बाइक) घेऊन काटोलकडच्या मित्राच्या शेतावर जाऊन आलो. गाडीला रोडचं पासिंग नाही, त्यामुळे नागपूरहून साठेक किलोमीटर पिकअपमधूनच न्यायची, भाडं निघायच्या आधीच ठरवा, उतरवताना "वेटिंग" मागतात.

निघायच्या आधी गॅरेजवाल्याने सगळ्या केबल ल्यूब केल्या (आतून तेल दिलं) म्हणून बाराशे रुपये घेतले. "भाऊ, मक्खन चालन." अन् मी विश्वास ठेवला.

शेतापासून नाल्यापर्यंतची दीड किलोमीटरची पांदण, काळी माती, वरून दोन दिवसांची झड. चिखल फेंडरमधे भरून चाकं फिरेनात, दर पन्नास फुटांवर उतरून काडीने माती काढायची, अडीच तास गेले त्यात, आणि नाल्याच्या उताराला अंगठा सोडला तर थ्रॉटल (अंगठ्याने दाबायची रेस) परत येईचना, इंजिन तसंच ओरडतंय, गाडी खाली चाललीय. हँडलवरचा लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचा बटण, दाबला म्हणून वाचलो. तो बटण कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे, ते येत नसेल तर पांदणीत उतरूच नका.

रात्री केबल सोडली तर आत कोरडी, गंजाची भुकटी. गॅरेजवाल्याने फक्त दोन्ही टोकांवर गंज काढायचा स्प्रे मारला होता. तो स्प्रे मळ धुतो, पण पातळ असल्याने टिकत नाही. ही सरळ फसवणूक आहे.

खरं काम असं: अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) ढिला करा, त्याची आणि लॉकनटची चीर एका रेषेत आणून लिव्हरकडचं टोक काढा. केबल ल्यूबर म्हणून छोटा क्लॅम्प मिळतो, तो टोकावर कसून स्प्रे ल्यूब सोडायचं, आधी काळं येतं, दुसऱ्या टोकातून स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. कार्ब्युरेटरकडचं टोकही काढून ठेवा, नाहीतर ती घाण आत जाते. माझ्याकडे क्लॅम्प नव्हता, प्लॅस्टिक पिशवीचा कोपरा कापून टोकाला रबरबँडने बांधला, त्यात दोन चमचे पातळ इंजिन ऑइल, आणि केबल रातभर खुंटीला उभी टांगली. सकाळी खालून थेंब पडत होते.

केबलच्या आत ग्रीस भरू नका, धूळ धरून घट्ट होतं. ग्रीस फक्त टोकाच्या गोळीला आणि लिव्हरच्या पिव्होटला. आतून टेफलॉनची नळी असलेल्या केबलला मॅन्युअलमधे सांगितलंय तेच टाका, काहींना काहीच लागत नाही.

बसवल्यावर फ्री प्ले (केबल ताणली जाण्याआधी लिव्हर जेवढा मोकळा हलतो तो) मॅन्युअलप्रमाणे ठेवा, मग न्यूट्रलमधे आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवून, हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा. आरपीएम (इंजिनचे फेरे) वाढला तर केबल ताणली जातेय किंवा कुठेतरी दबलीय, तशी गाडी हलवायची नाही. थ्रॉटल सोडल्यावर खट्‌कन परत आलीच पाहिजे, हँडल कुठल्याही बाजूला असो.

दुसरा दिवस संत्र्याच्या बागेत छान गेला.

मागच्या ब्रेकच्या केबलच्या चार तारा तुटलेल्या निघाल्या. तिला तेल पाजून उपयोग नाही, नागपुरात येऊन नवीनच टाकली, आणि बसवताना समोर उभा राहिलो.