लाईट गेली की पक्षी ऐकू येतात

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव जिल्ह्यात कुणी फिरायला जातं का? तर जातं. मी गेले. डोक्यात एकच होतं, रानपिंगळा. हे एवढंसं घुबड 1884 नंतर कुणाला दिसलंच नव्हतं, संपलं म्हणून सोडून दिलेलं, आणि 1997 च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला परत सापडलं. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. म्हणजे 113 वर्षं जगाने ज्याला मेलेला धरलं तो आमच्या खान्देशात आरामात बसून होता. तो यावलच्या जंगलातही आहे, आणि फैजपूरजवळ मामाचं घर, तिथून जंगलातलं पाल गाव गाठायला फार वेळ लागत नाही, असा सगळा हिशोब करून रात्रीच्या गाडीने भुसावळला उतरले.

मामाने पहिल्याच चहाला हिशोब मोडला. "दोन दिवस कुठी जायचं नाही. ऊन पाहिलं का बाहेर?" फोनवर 44 दाखवत होता, आणि ते सावलीतलं.

मग काय, घरात. खान्देशात मे महिन्यात घरात बसणं म्हणजे कूलरसमोर बसणं. तो भला मोठा पत्र्याचा डबा, तीन बाजूंना ओलं गवत, आणि चालू झाला की गिरणीत बसल्यासारखं वाटतं, शेजारचा माणूस काय बोलतोय ते ओठांवरून ओळखायचं. मागे परसात निंब, शेवगा, लिंबू, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या चार केळी, त्याच्यापुढे केळीचा मळाच, आणि मी दुर्बीण गळ्यात घालून आत. अकराच्या सुमारास लाईट गेली. कूलर घरघरत बंद पडला आणि एकदम बाहेरून पाच-सहा आवाज आत आले, जसं कुणी दार उघडलं. मामी पदराने वारा घेत वीजवाल्यांना शिव्या देत होती आणि मी मागच्या दारात जाऊन बसले.

खरं सांगते, मी डोळ्यांनी ओळखणारी बाई. पंखावरची पट्टी, शेपटीखालचा लाल रंग, हे मला येतं. पण भर उन्हात पक्षी काही बाहेर येऊन पोझ देत नाहीत, सगळे पानांत, फक्त आवाज. फोनमधलं अॅप लावलं, ते पटापट नावं दाखवायला लागलं, दयाळ, बुलबुल, शिंपी, मला वाटलं झालं काम. दहा मिनिटांनी अॅप बंद करून ऐकलं तर एकही आवाज ओळखता येईना. नाव वाचलं होतं, ऐकलं काहीच नव्हतं. म्हणून मग ठरवलं, एक आवाज पकडायचा आणि तो पक्षी दिसेपर्यंत उठायचं नाही.

पहिला तांबट, कारण तो सोपा. टुक टुक टुक, लोहार घण मारतोय असं, थांबतच नाही. पंधरा सेकंदात किती ते तीनदा मोजलं, 27, 28, 28. म्हणजे मिनिटाला एकशे दहाच्या वर. पण कुठून येतोय ते कळेना, आत्ता डावीकडे, आत्ता घरामागे. शेवटी निंबाच्या एका वाळक्या फांदीवर हिरवा ठिपका दिसला आणि मग कळलं, तो बोलताना मान वळवतो म्हणून आवाज फिरतो. आणि चोच बंद! तोंड न उघडता नुसता गळा फुगवून वाजवतो.

दुसरा शिंपी, ह्याने मला रडवलं. आवाज असा की निदान साळुंकीएवढा तरी पक्षी असणार, टुईट टुईट टुईट, कानाजवळ शिट्टी वाजवल्यासारखी एकच गोष्ट सारखी. लिंबाच्या झाडातून येतोय हे नक्की, झाड माझ्यापासून पाच फुटांवर, आणि काही दिसत नाही. अर्धा तास. घाम डोळ्यात. मग एक पान हललं असं वाटलं, ते पान नव्हतं, अंगठ्याएवढा जीव, शेपटी वर, आणि ओरडताना मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांखालची काळी कातडी दिसायची, गप्प बसला की गायब, परत ओरडला की परत काळं. पुस्तकातल्या चित्रात तो नेहमी तोंड मिटून बसलेला असतो, त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन.

कोकिळेवरून मामाशी भांडण झालं. मामा म्हणे, "कोकिळा गाते, गाण्यात काय खोटं लिहिलंय का?" मी म्हटलं, कुहू करतो तो नर, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर ठिपके, ती किक किक किक अशी चिरकते. मामाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या इकडे मादी गाते." विषय संपला.

मामीला मात्र पक्ष्यांच्या नावांशी काही घेणं नाही. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातलेले, ती खाली स्वयंपाकघरात, आणि सातभाईंनी कलकलाट केला की ही तवा तसाच ठेवून जिन्याकडे. "सातभाई असे भांडू राहिले म्हणजे मांजर आली." मी मागोमाग गेले. खरंच मांजर. दुपारी परत कलकलाट झाला तर मामी जागची हललीसुद्धा नाही, म्हणे हे त्यांचं आपसातलं आहे. मला दोन्ही कलकलाट अगदी सारखे वाटले. अजूनही वाटतात.

दुसऱ्या दिवशी मी जरा शेफारलेच होते. शिक्र्याचा, म्हणजे छोट्या शिकारी पक्ष्याचा, आवाज आला, मी मोठ्याने म्हटलं शिक्रा!, साळुंक्या उडाल्या, मामा बाहेर आला. बघतो तर तारेवर कोतवाल. काळा कुळकुळीत, दुभंगलेली शेपटी. हा गडी शिक्र्याची नक्कल करतो, बाकीचे घाबरून पळाले की त्यांचा किडा हा उचलतो. साळुंक्या फसल्या आणि मीपण. मामा तीन दिवस मला "काय शिक्रा, चहा घेते का?" म्हणत होता.

पालला शेवटी गेलो तिसऱ्या दिवशी, पहाटे, मामाच्या मित्राच्या जीपने. रानपिंगळा दिवसा फिरतो, साध्या पिंगळ्यासारखा रात्रीचा नाही, त्यामुळे आशा होती. नाही दिसला. ऐकूही नाही आला. पण उजाडता उजाडता नाल्यातल्या झाडीतून दोन सुरांची स्वच्छ शिट्टी आली, एक वर एक खाली, थोडं थांबून परत, आणि ही मला अॅपशिवाय आली, नवरंग! पावसाळ्याच्या तोंडावर येतो आणि पहाटे-संध्याकाळी शिट्टी घालतो, तमिळमध्ये तर त्याला सहा वाजताचा पक्षी अशा अर्थाचं नाव आहे. घड्याळ बघितलं, सहाला दहा कमी. दिसला नाही, पाचोळ्यात खाली कुठेतरी असणार, माझा नियम मोडला, पण जीप थांबायला तयार नव्हती.

निघायच्या दिवशी दुपारी आकाशात पहिल्यांदा थोडे ढग आले. जेवणं झालेली, भरीत आणि कळण्याची भाकरी, सगळे कूलरसमोर आडवे. लाईट होती. मामा उठला, काही न बोलता कूलरचं बटण बंद केलं आणि मला म्हणाला, "ऐक."

निंबातून पावशा. पेरते व्हा, पेरते व्हा, दर वेळी एक पट्टी वर, वर, इतका वर की आता ह्याचा गळा फाटणार, आणि मग एकदम बंद. मामा हसला, "उशीर केला भो त्याने. माझा कापूस ठिबकवर लावून आठ दिवस झाले."

"ते राहू द्या," आतून मामी ओरडली, "पहिले तो कूलर लावा, इथी जीव जाऊ राहिला!"