ऋष्यशृंग पांढरे पायमोजे घालतो तेव्हा

आपला ऋष्यशृंग जपानमध्ये इक्काकु सेन्निन, म्हणजे एकशिंगी ऋषी, या नावाने नांदतो. नोह या जपानच्या जुन्या, मुखवट्यांच्या नाट्यप्रकारात त्याच्यावर अख्खं नाटक आहे. लेखक कोम्पारू झेम्पो. नोहचा तत्त्वज्ञ झेआमी याच्या जावयाचा हा नातू. कथा बौद्ध ग्रंथांबरोबर इकडे आली आणि वाटेत बरीच बदलली. आपल्याकडे अंगदेशात पाऊस पडत नाही म्हणून रोमपाद राजा त्याला भुलवून आणायला गणिका पाठवतो. इथे दुष्काळ ऋषीनेच पाडलाय! पाऊस पाडणाऱ्या नागदेवांशी भांडून त्यांना गुहेत कोंडलंय. राज्य वाराणसीचं, आणि मोहात पाडायला येते सेंदा नावाची रूपवती.

टोकियोत आल्यावर मी सेंदागायाच्या राष्ट्रीय नोह नाट्यगृहात जायला लागले. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर छोट्या पडद्यावर संवाद उमटतात, नाहीतर माझं काही खरं नव्हतं. रंगमंच म्हणजे साधारण 6 मीटरचा लाकडी चौकोन, मागच्या फळ्यांवर रंगवलेला एक पाइन वृक्ष. बाकी नेपथ्य जवळपास नाहीच. अरण्य आपण मानायचं.

सुरुवातीला जीव कासावीस होतो. ‘वन्स मोअर’वर वाढलेली माणसं आपण, इथे पात्र प्रवेश करतानाच किती वेळ घेतं! पण मद्य प्यायलेला ऋषी सेंदाचं नृत्य बघतो आणि तिच्यामागून तशीच पावलं टाकू लागतो, तिथे मी सावरून बसले. चेहऱ्यावर मुखवटा, त्यामुळे डोळे-ओठ कामाचे नाहीत. पांढऱ्या पायमोज्यांतली पावलं किंचित चुकतात, मान जराशी झुकते, आणि तपस्या गेली हे कळतं.

झेआमीने 1424 च्या ‘काक्यो’ ग्रंथात नटाला सांगितलंय: मन दहा भाग हलव, शरीर सातच. आधी दहाच्या दहा भाग शिकायचे, मग आवरायचं. माझ्या मते खरी मेख या क्रमात आहे. न शिकता आवरलेला नट नुसता ठोकळा दिसेल.

मग नाटकात गुहेचा खडक दुभंगतो, नागदेव उसळून बाहेर पडतात, तलवारी चालतात, पाऊस येतो. हे सगळं झटपट उरकतं. याच कथेवरून काबुकीवाल्यांनी, म्हणजे जपानच्या दुसऱ्या, भडक नाट्यप्रकाराच्या मंडळींनी, 1742 मध्ये ‘नारुकामी’ केलं. त्यात फसवला गेलेला तपस्वी असा खवळतो की बघताबघता त्याचा वेशच ज्वाळांचा होतो. मजा येते, पण माझं मत नोहलाच.

इकडे येणार असाल तर महिन्याचा कार्यक्रम आधी बघून ठेवा. नोहचा प्रयोग बहुधा एकदाच होतो. पुढच्या रविवारी बघू, असं म्हणून चालत नाही.