नाकी धरणारे आणि खाणी खणणारे

स्पेन आणि पोर्तुगाल, दोघं शेजारी, १४९४ ला तोर्देसियासच्या तहात नकाशावर रेघ मारून जग वाटून घेतलं, पण पुढे दोघांनी जे केलं ते इतकं वेगळंय की मी गेले काही दिवस तेच वाचत बसलोय.

पोर्तुगालकडे माणसंच कमी हो. आतला मुलूख जिंकणार कसा? मग त्यांनी समुद्र धरला. १५१० ला गोवा, १५११ ला आजच्या मलेशियातलं मलाक्का, १५१५ ला इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ, म्हणजे नाकी पकडायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडून वसुली. त्यांचा कार्ताझ नावाचा परवाना बघा, त्यात जहाज केवढं, नाखुदा म्हणजे कप्तान कोण, हत्यारं किती, चाललंय कुठे सगळं लिहिलेलं, आणि तो कागद नसला की जहाज मालासकट जप्त. जिथे लोक शेकडो वर्षं व्यापार करत होते त्या समुद्रात हे! मला अजून राग येतो.

स्पेन उलट आत घुसलं. कोर्तेस या स्पॅनिश सेनानीने १५२१ ला अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान (आजचं मेक्सिको सिटी) घेतली ती अझ्टेकांशी वैर असलेल्या शेजारच्या त्लाश्कालाच्या हजारो सैनिकांच्या जिवावर, हे लोक विसरतातच. मग गावातल्या माणसांची मेहनतसुद्धा स्पॅनिश लोकांत वाटून टाकली, त्याला एन्कोमिएन्दा म्हणायचे. १५४५ ला आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीची चांदी सापडली आणि पुढे चार हजार मीटर उंचीवरच्या त्या डोंगरात लांबलांबच्या गावांनी पाळीपाळीने माणसं पाठवायची सक्ती झाली. अंगठ्याला मेणबत्ती बांधून, पाठीवर खनिज घेऊन, अंधारात चामड्याच्या शिड्या चढायच्या.

ब्राझीलमध्ये मात्र पोर्तुगीजांनीही जमीनच धरली, ऊस लावला, आणि राबायला आफ्रिकेतून लाखो माणसं पकडून आणली.